शेवटच्या खुर्चीतला चेलो

मित्रांनो, माझे वय विचाराल तर शंभरच्या आसपास. नक्की आकडा मलाही ठाऊक नाही, कारण माझ्या पोटात चिकटवलेल्या चिठ्ठीवरची शाई केव्हाच उडून गेली. मी चेलो आहे. व्हायोलिनचा मोठा भाऊ. त्याला खांद्यावर घेतात. मला मात्र खुर्चीत बसून, दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवावे लागते. चार तारा, खाली जमिनीवर टेकणारी एक सळई, आणि तारांवर ओढायला घोड्याच्या केसांचा गज. माझा आवाज माणसाच्या आवाजाच्या अगदी जवळचा आहे असे म्हणतात. असेल. गेल्या दीड वर्षात तो कुणी ऐकलेला नाही.

सध्या मी मीरा रोडला, शांती नगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत उभा आहे. डावीकडे घडी केलेले इस्त्रीचे टेबल आहे. उजवीकडची भिंत पावसाळ्यात पाझरते. मी तक्रार करतो आहे असे तुम्हाला वाटत असेल, तर ते बरोबर आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे पुष्कळ बनत, त्यामुळे त्याचे मला विशेष कौतुक नाही. बोटीने मुंबईला आलो, एका हॉटेलच्या बँडमध्ये वीस वर्षे लोकांची जेवणे होईपर्यंत वाजलो, आणि मग गोव्याच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी मला त्यांच्या शिष्याच्या हाती दिले. त्या शिष्याचे नाव दाजी. रत्नागिरीकडचा माणूस, गिरगावात एका खोलीत राहणारा. दाजींनी मला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला नेले. तिथे आम्ही बारा चेलो एका रांगेत बसायचो. पडद्यावर नायिका रडली की आम्हाला खूण व्हायची. तुमच्या आजी-आजोबांनी चित्रपटगृहात जे डोळे पुसले, त्यात थोडा वाटा माझा आहे. माझे नाव कुठल्याही पाटीवर आले नाही, दाजींचेही नाही. तेव्हा त्याचे काही वाटत नसे. सगळ्यांचेच तसे होते.

दाजींनी मुलीला शिकवले. तिचे नाव सुगंधा. नऊ वर्षांची असताना ती माझ्यामागे बसली की समोरून तिचे फक्त दोन पाय दिसायचे. विसाव्या वर्षी ती भाड्याचा चेलो घेऊन दाजींच्या शेजारच्या खुर्चीत बसून रेकॉर्डिंगला वाजवू लागली. पण थोड्याच वर्षांत स्टुडिओत एक कीबोर्ड आला. त्यात एक बटण होते, आणि त्या बटणामागे आम्ही बाराही चेलो होतो. पुढे आम्हाला बोलावणे बंद झाले. गिरगावातली खोली विकून बापलेक मीरा रोडला आले, आणि सुगंधाने एका शाळेच्या कार्यालयात नोकरी धरली.

इथे आल्यावर काही वर्षांनी दाजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सुगंधा शाळेतून आली की मला त्यांच्या पलंगाजवळ घेऊन बसायची आणि वाजवायची. दाजी डाव्या हाताच्या बोटाचे पेर माझ्या अंगावर आपटायचे. एकदा ठोकले म्हणजे चुकलीस. दोनदा ठोकले म्हणजे परत वाजव. चांगले झाले याची खूण नव्हती. तेव्हा ते नुसते डोळे मिटून पडायचे. असे सात महिने चालले. मग ते गेले.

त्यानंतर सुगंधाने लग्न केले नाही, आणि मला सोडलेही नाही. शहरातल्या एका वाद्यवृंदात तिला जागा मिळाली. वर्षाला दोन-तीन कार्यक्रम. चेलोंच्या रांगेत शेवटची खुर्ची. शेअर रिक्षात मला घ्यायला कुणी तयार नसे. "मॅडम, ये तो अकेला तीन सवारी है," असे रिक्षावाले म्हणत. ती पूर्ण रिक्षा करून मला नेत असे. शेवटच्या खुर्चीत बसण्यासाठी एवढा खटाटोप करणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

त्याच वाद्यवृंदात तिला पराग भेटला. तो भाईंदर पूर्वेला राहायचा. परदेशात दोन वर्षे संगीतरचना शिकून आला होता, आणि पोटासाठी जाहिरातींच्या धुना करायचा. वय पस्तिशीचे. टाळेबंदी संपली त्या वर्षी, एका रविवारी सकाळी, तो कागदांची गुंडाळी घेऊन आमच्याकडे आला.

"ताई, मी चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्तो लिहितोय," तो म्हणाला. "नाव ठेवलंय 'मिठागर'."

मित्रांनो, कॉन्चेर्तो म्हणजे काय ते सांगतो. एक वादक सगळ्यांच्या पुढे बसतो. त्याच्या मागे पन्नास-साठ जणांचा वाद्यवृंद. कधी तो एकटा बोलतो, कधी ते सगळे मिळून त्याला अडवतात, कधी त्याच्या पाठीशी उभे राहतात. अर्धा तास हे चालते. पुढे बसणाऱ्याला लपायला जागा नसते. माझ्यासारख्याच्या आयुष्यात यापेक्षा मोठे काही घडू शकत नाही.

"कुणासाठी लिहितोयस?" सुगंधाने विचारले.

"तुमच्यासाठी. इथे दुसरं आहे कोण?"

ती उठली. आत जाऊन चहा ठेवला, आणि त्या दिवशी तो दोनदा उतू गेला.

पुढची दोन वर्षे पराग दर रविवारी येत राहिला. त्याला चेलो वाजवता येत नव्हता. तो घरी कॉम्प्युटरवर लिहायचा आणि पाने घेऊन यायचा. सुगंधा ती वाजवून बघायची. अर्धी पाने वाजायचीच नाहीत.

"पराग, मला चार बोटं आहेत. तू सहा धरून लिहिलंयस."

"कॉम्प्युटरवर वाजतं हो, ताई."

"मग त्याच्याकडूनच वाजवून घे."

तो हसायचा आणि खोडरबर काढायचा. मग ती त्याला दाखवायची. हा सूर इथे घेतला तर जाड लागतो, वरच्या तारेवर घेतला तर पातळ. गज इथे उलटा फिरव, नाहीतर पुढच्या उडीला वेळ उरत नाही. प्रत्येक ओळीवर तिने पेन्सिलीने खुणा केल्या, कुठले बोट, कुठली तार, गज वर की खाली. लिहीत तो होता हे खरे. पण त्याने लिहिलेले माझ्या लाकडातून बाहेर कसे यायचे, हे ती ठरवत होती.

दुसरा भाग त्याला सुचेना. दोन महिने तो रिकाम्या हाताने आला. एका रविवारी तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, "संथ भाग जमतच नाहीये. सगळं खोटं वाटतंय."

सुगंधा खुर्चीत बसली. तिने मला जवळ ओढले आणि जाड तार नुसती धरून ठेवली, लांब, न संपणारी. त्यावर एक धून आली. मी ती पूर्वी कधी वाजलेलो नव्हतो. आणि मधेच, गज न थांबवता, तिने डाव्या हाताचे पेर माझ्या अंगावर आपटले. एकदा. मग थोड्या वेळाने दोनदा. आणि धून पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली.

पराग वळून बघत राहिला. "हे काय होतं?"

"काही नाही. दाजींची आठवण झाली."

"परत वाजवा, ताई. थांबा, फोन लावतो."

तिने परत वाजवले, फोनसमोर, चार वेळा. पुढच्या रविवारी दुसरा भाग लिहून तयार होता. ठोके धरून सगळा. त्याच दिवशी परागने हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिले, 'सुगंधाताईंसाठी'. आणि तोंडाने म्हणाला, "पहिला प्रयोग तुम्हीच करायचा. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

हे वाक्य मी शब्दाला शब्द सांगतो आहे. मी त्यांच्या दोघांच्या मध्येच होतो.

सुगंधा रोज शाळेतून आल्यावर तीन-तीन तास सराव करू लागली. सोसायटीच्या सेक्रेटरीने दारात येऊन सांगितले, "मॅडम, दोपहर में लोग सोते हैं." तेव्हा शेजारच्या हंसाबेन बाहेर आल्या आणि त्यांच्यावरच उखडल्या. "तो सोने दो ना! मेरे को तो ये बजता है तभी नींद आती है. आप अपना पंप का आवाज पहले बंद कराओ." त्यानंतर सेक्रेटरी आले नाहीत.

त्या पावसाळ्यात खाडीच्या दमट हवेने माझ्या पाठीचा सांधा उकलला. शहरातला वाद्य दुरुस्त करणारा गावाला गेला होता. सुगंधा मला रिक्षात घालून खारी गावात बबनकडे घेऊन गेली. बबन सुतार. आता इमारतींच्या गर्दीत त्यांचे घर शोधावे लागते. त्यांनी मला उलटे करून बोटाने चाचपले.

"ताई, ही फुटली न्हाय, उसवली हाय. ह्याला खिळा मारायचा न्हाय. सरस लावून बांधून ठेवू. माझा बापूस होड्या बांधायचा, त्याच्याकडचा सरस हाय." मग माझ्या पोटावर टिचकी मारून म्हणाले, "लाकूड चांगला हाय. पन हवेला जप. इथली हवा मिठाची हाय."

पाच दिवस मी दोरीने आवळलेला त्यांच्या पडवीत पडून होतो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात प्रामाणिक दुरुस्ती. तो सांधा त्यानंतर अडीच वर्षे टिकला.

वाद्यवृंदाने 'मिठागर' करायचे ठरवले. तारीख पडली, फेब्रुवारीची. आणि डिसेंबरात स्वाती मॅडमचा फोन आला. त्या वाद्यवृंदाच्या व्यवस्थापक. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकला.

"सुगंधाजी, एक बदल आहे. बाहेरचे एक मोठे चेलोवादक त्या आठवड्यात भारतात आहेत. ते सोलो वाजवायला तयार झालेत. नव्या रचनेला हॉल भरायला पाहिजे ना? तुम्ही समजून घ्याल."

"परागला माहीत आहे?"

"अहो, त्यांनीच तर पत्र लिहिलं होतं त्यांना. ऑक्टोबरमध्ये."

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. या तीन महिन्यांत तो नऊ रविवार आमच्याकडे येऊन गेला होता. पोहे खाल्ले होते.

दहाव्या रविवारी तो आला तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसला. बराच वेळ माझ्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

"ताई, माझ्या हातात नव्हतं."

"पत्र तुझ्या हातचं होतं ना?"

"ते वाजवतील तर कॉन्चेर्तो बाहेर जाईल. जगभर जाईल. आपल्या दोघांसाठीच आहे हे. पुढच्या वेळी तुम्हीच." मग तो खाली बघून म्हणाला, "एक विनंती होती. ते फक्त चार दिवस आधी येणार आहेत. तुमच्या खुणांची पानं मिळाली असती तर..."

मला वाटले, आता ती ते कागद त्याच्या अंगावर फेकेल. तिने कपाट उघडले, पाने क्रमाने लावली, त्यांना रबर लावले आणि त्याच्या हातात दिली. मित्रांनो, त्या क्षणाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. परागवरचाही नाही आणि तिच्यावरचाही नाही.

आणि ती मागच्या रांगेत बसायलाही तयार झाली. शेवटची खुर्ची तिची होतीच.

पूर्वी तालमींना पराग आम्हाला त्याच्या गाडीतून न्यायचा. त्या आठवड्यात गाडी पाहुण्यांच्या हॉटेलकडे जात होती. आम्ही रिक्षाने आणि टॅक्सीने गेलो. पाहुणे वादक आले. उंच, शांत, नम्र माणूस. त्यांच्याबद्दल माझ्याकडे वाईट बोलायला काही नाही, आणि ते फार त्रासाचे आहे. त्यांचा चेलो अडीचशे वर्षांचा होता. त्यांनी पेटी उघडली तेव्हा सगळे वादक उठून बघायला गेले. सुगंधा गेली नाही.

दुसऱ्या भागाची तालीम सुरू झाली. धून आली. त्यांनी ती सुंदर वाजवली, हे मला कबूल करावे लागेल. मी मागे त्याच धुनेखाली एकच सूर धरून बसलो होतो. मग ठोक्याची जागा आली आणि ते थांबले.

"माफ करा," ते म्हणाले, "या वाद्यावर मी ठोकू शकत नाही. याला ओरखडा गेला तर मला तोंड दाखवता येणार नाही."

समोर उभे राहून सगळ्यांना ताल देणाऱ्या संचालकांनी परागकडे पाहिले. पराग म्हणाला, "मागच्या चेलोंपैकी कुणीतरी ठोकलं तरी चालेल." संचालकांनी गजाएवढी बारीक काठी आमच्या दिशेने केली. "शेवटची खुर्ची. तुम्ही."

सुगंधाने मान हलवली. आणि माझ्या अंगावर ठोकले. एकदा. मग दोनदा.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. वाटलेल्या पुस्तिकेत परागचा फोटो होता, पाहुण्यांचा फोटो होता, आणि खाली लिहिले होते की ही रचना पाहुण्यांना अर्पण केली आहे. वाद्यवृंदाच्या नावांच्या यादीत, अगदी बारीक अक्षरात, सुगंधाचे नाव चेलोंमध्ये सर्वांत शेवटी होते. पहिला भाग झाला. दुसरा आला. धून पुढून येत होती आणि ठोके मागून. लोक माना उंच करून ठोके कुठून येतात ते शोधत होते, पण आमच्यासमोर सात चेलो आणि एक खांब होता. तिने प्रत्येक ठोका जागेवर दिला. मला मात्र पहिल्यांदा असे वाटले की मला गुडघ्यांत धरून बसलेली ही बाई कुणीतरी परकी आहे.

टाळ्या संपल्यावर रंगमंचामागच्या बोळात गर्दी झाली. सुगंधा मला पाठीवर घेऊन कडेने निघाली होती. पाहुणे हातात तीच पेन्सिलीची पाने घेऊन परागशी इंग्रजीत बोलत होते. त्याचा अर्थ असा होता:

"एक विचारायचं राहिलं. या बोटांच्या खुणा कुणाच्या? ज्यांनी कुणी केल्या, त्यांना हे वाद्य आतून माहीत आहे. मी विद्यार्थ्यांना दाखवणार आहे."

परागने मान वर केली. त्याला ती दिसली. चार पावलांवर होती. मी तिच्या पाठीवर होतो, मी चुकत नाही.

"इथल्याच एका वादकाने थोडी मदत केली होती," तो म्हणाला.

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

"हो. सांगतो."

त्याने तो कधीच सांगितला नाही. सुगंधा तिथून बाहेर पडली. टॅक्सीत बसल्यावर तिने चालकाला पत्ता दोनदा चुकीचा सांगितला, गिरगावातल्या जुन्या घराचा.

घरी आल्यावर ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. संध्याकाळी तिने मला पेटीतून काढले, आणि मला वाटले आता वाजवेल. तिने माझ्या खुंट्या एकेक करून उलट्या फिरवल्या. चारही तारा सैल सोडल्या, पार लोंबेपर्यंत. गजाचे केस सोडले. मग मला पिशवीत घालून कपाटामागे उभे केले. पेटी माळ्यावर गेली. काही दिवसांनी माझी घोडी, म्हणजे तारांना उचलून धरणारा लाकडी पूल, आपोआप आडवी झाली. 'टक' असा आवाज झाला. ती स्वयंपाकघरात होती. तिने ऐकला असणार. आली नाही.

दहा महिने गेले. एका दुपारी हंसाबेन फोन हातात घेऊन धावत आल्या.

"सुगंधाबेन, ये सुनो! मेरे भतीजे ने भेजा है. ये तो आपका संडे वाला है!"

फोनमधून दुसरा भाग चालू होता. कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग कुणीतरी टाकले होते. सुगंधाने ते शेवटपर्यंत उभ्यानेच ऐकले.

"हाँ, मेरा ही है," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले.

हंसाबेननी चष्मा वर करून फोनच्या काचेवरचे नाव न् नाव वाचले. "इसमें आपका नाम किधर है?"

"नहीं है."

"नहीं है मतलब? दो साल मैंने दीवार के पीछे से सुना है. मैं बोलूँ किसी को?"

"किसको बोलोगे, हंसाबेन?"

हंसाबेननी फोन बंद केला. त्या थोडा वेळ बसल्या, आणि जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

म्हणून पुढच्या मार्चमध्ये पराग पुन्हा दारात उभा राहिला, तेव्हा ती पहिल्यासारखी गप्प बसणारी उरली नव्हती. त्याचे केस थोडे पांढरे झाले होते. तो उत्साहात होता.

"ताई, पुण्याला करतोय आपण 'मिठागर'. एप्रिलमध्ये. पाहुण्यांना जमत नाहीये. मी म्हटलं, आता ताईच. शेवटी कॉन्चेर्तो तुमचाच तर आहे."

कपाटामागे माझ्या सैल तारा जणू ताणल्या गेल्या.

"माझा आहे?" सुगंधा म्हणाली.

"म्हणजे, तुमच्यासाठीच लिहिला होता ना."

"मग तसं छाप. सगळ्यावर नको. फक्त दुसऱ्या भागाखाली. 'सुगंधा आणि पराग'. मी उद्यापासून सराव सुरू करते."

पराग कप बशीत गोल फिरवू लागला. "ताई, तो आता छापून गेलाय. बाहेर दोन ठिकाणी वाजलाय. आत्ता नाव घातलं तर लोक विचारतील, आधी का नव्हतं."

"विचारू देत."

"धून तुम्ही वाजवलीत, मान्य. पण लिहिली मी. साठ जणांसाठी लिहिली. ते काही कमी काम नाहीये."

मित्रांनो, हे खोटे नव्हते. साठ वाद्यांना जागा करून देणे मला जमले नसते, तिलाही नाही.

"कमी नाहीच," ती म्हणाली. "म्हणून तर दोघांचं म्हणतेय."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पुढच्या छपाईला बघतो. नक्की."

"चहा संपव, पराग. मला दळण आणायचंय."

तो गेला. तिने त्याला हाक मारली नाही, आणि त्यानेही जिन्यातून परत वर येऊन काही सांगितले नाही. मी वाट बघितली. मला कुणी विचारले असते तर मी नावाचा आग्रह धरला नसता. मला वाजायचे होते. शंभर वर्षांत एकदा सगळ्यांच्या पुढे बसायची पाळी आली होती, आणि ती दोन माणसांच्या मधल्या चहाच्या कपात बुडाली. तिचे बरोबर होते. तिचे बरोबर होते म्हणून मला काही मिळाले असे मात्र नाही.

पुण्याला रुचिता नावाच्या एका तरुण मुलीने वाजवले. त्याच पेन्सिलीच्या खुणांवरून.

त्या संध्याकाळी सातला, म्हणजे तिकडे सुरू होण्याच्या सुमाराला, सुगंधाने इस्त्रीचे टेबल बाजूला केले आणि मला बाहेर काढले. पिशवीची चेन गंजली होती. ती माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली. घोडी उचलून उभी केली, पहिली खुंटी फिरवू लागली. खुंटी घसरली. पुन्हा फिरवली, तेव्हा वरची तार तुटून तिच्या मनगटाला लागली. तिने ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. ती चढली. तिने गज ओढला.

जो आवाज आला तो माझा नव्हता. डब्यावर काहीतरी खरवडल्यासारखा होता. तिने मला हलवले, आणि माझ्या पोटात काहीतरी गडगडत या टोकाकडून त्या टोकाकडे गेले.

माझ्या आत, घोडीच्या बरोबर खाली, एक छोटी काठी असते. ती चिकटवलेली नसते. तारांच्या ताणाने पोट आणि पाठ यांच्यामध्ये घट्ट उभी राहते, आणि तिच्यामुळे माझा आवाज आवाज होतो. चारही तारा एकदम सोडून महिनोन् महिने तसेच ठेवले, की ती पडते. ती पडली होती. पाठीचा सांधाही वीतभर उकलला होता.

सुगंधाला हे माहीत नव्हते असे नाही. दाजींनी तिला पहिल्याच वर्षी शिकवले होते. ती मला मांडीवर आडवे घेऊन आतल्या अंधारात बघत राहिली. तिकडे पुण्यात दुसरा भाग चालू असेल.

"तुझं काय चुकलं होतं रे," ती म्हणाली. "तुला कशाला शिक्षा केली मी."

तिने शहरातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, घेऊन या, बघून सांगतो. हे सहा महिन्यांपूर्वीचे. तिची बोटे आता सकाळी आखडतात. तिने मला परत पिशवीत घातले, यावेळी चेन पूर्ण लावली नाही. कधीकधी ती येऊन हात ठेवून जाते. दुरुस्तीला नेत नाही. नेऊन वाजवायचे काय, हे तिला ठाऊक नसावे.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वाद्ये आपले आत्मवृत्त संपवताना सांगतात की आम्हाला धुळीपासून जपा, ओलीपासून जपा. तेही करा. पण मला दुसरे दोन शब्द बोलायचे आहेत. एखादी चांगली गोष्ट ऐकलीत, पाहिलीत, तर ती कुणाकुणाच्या हातातून आली ते विचारा, आणि तुमच्या हातात लेखणी असेल तर त्या सगळ्यांची नावे लिहा. तुमचे नाव त्याने लहान होत नाही. आणि तुमच्यावर अन्याय झाला, तर ज्याने केला त्याच्याशी भांडा. मोठ्याने भांडा, बोळात, लोकांसमोर, त्याच क्षणी. राग घरी आणून आपल्याच कलेच्या तारा सोडू नका. समोरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि आत जे पडायचे ते पडून जाते.

परवा घर झाडताना मोलकरणीने मला जरासे सरकवले. आतली काठी गडगडली. "ताई, ह्यात उंदीर गेलाय वाटतं," ती म्हणाली.

"नाही," सुगंधा आतून म्हणाली. "तो चेलो आहे."